मावसाजींची गाडी आणि एका चावीची अट

माझ्या मावसाजींनी आयुष्यात कोणावरही पुराव्याशिवाय संशय घेतला नाही, आणि म्हणूनच ते आयुष्यात कुठेही वेळेवर पोचले नाहीत. हे वाक्य जरा मोठ्या तोंडाचं वाटेल. मी अजून शिकतेच आहे, आणि घरातल्या मोठ्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही हेही मला नीट ठाऊक नाही. पण रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. फक्त सांगताना हसेल, आणि मी हसले नाही एवढाच फरक. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. गोंदियाकडच्या आमच्या गावात बारावीच्या पुढे कॉलेजच नव्हतं आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलंही नव्हतं. मी बी.एस्सी. करायचं ठरवलं तेव्हा बाबांनी मला मावशीकडे आणून सोडलं. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि बाबांची समजूत अशी की राजधानीत राहिलं की माणूस अर्धा तर आपोआपच शिकतो. मावसाजींनी माझी चौकशी केली, विषय विचारले, भौतिकशास्त्र ऐकल्यावर मान हलवली आणि त्या दिवसापासून मला 'सायन्स' म्हणू लागले. माझं खरं नाव त्यांच्या लक्षात होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

मावसाजी रेल्वेच्या कचेरीत होते. कोणी कर्मचारी कामात चुकला की त्याची जी विभागीय चौकशी होते, तिची कागदपत्रं तयार करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर चौकश्या संपल्या, पण सवय संपली नाही. आणि देवानं त्यांची सोय म्हणून की काय, त्यांच्या दारात एक जुनी गाडी उभी करून ठेवली होती. दुधात थोडा जास्तच चहा पडावा असा तिचा रंग होता. गोल दिवे, जाड दारं, आणि मागच्या सीटला आमच्या आजीच्या ट्रंकेसारखा वास. चालायला लागली की ती फार छान चालायची, असं मावसाजी सांगत. अडचण चालायला लागण्यात होती. सकाळी चावी फिरवली की आतून आजारी माणसानं कूस बदलावी तसा आवाज यायचा, आणि मग शांतता. त्या शांततेत मावसाजींचा चेहरा उजळायचा. ते खाली उतरायचे, बाह्या वर करायचे, बॉनेट उघडायचे, त्याच्या काठावर जुनी चादर नीट अंथरायचे आणि पान्हे, पकडी, पॉलिशपेपर एका ओळीत मांडायचे. मावशी देवघरात उपकरणी मांडते ना, अगदी तसंच. आणि मग म्हणायचे, "चला. कोणालाही पाठीशी घालायचं नाही."

त्यांची पद्धत ठरलेली होती. एकाला निर्दोष ठरवल्याशिवाय दुसऱ्याकडे वळायचं नाही. पहिला आरोपी बॅटरी. दिवे लावून बघायचे. लख्ख लागले तर बॅटरी सुटली. मग कॉइल, मग करंट आळीपाळीनं प्रत्येक प्लगला वाटून देणारा तो काळ्या टोपीचा डिस्ट्रिब्युटर. त्याला मावसाजी 'बडे बाबू' म्हणत, कारण फाइली वाटायचं काम त्याचं आणि अडवायचंही त्याचंच. शेवटी प्लग. प्लग काढायचा, वायरीला लावून इंजिनच्या अंगावर टेकवून धरायचा, आणि मी आत बसून चावी फिरवायची. "सायन्स, काय दिसतंय?" ते ओरडायचे. आत बसून मला काय दिसणार, मला तर फक्त उघडं बॉनेट दिसायचं, पण मी घाबरत म्हणायची, "काही नाही." मग तेच सांगायचे, "ठिणगी निळी असेल तर खरं बोलते. पिवळी असेल तर उडवाउडवी करते." चौकशी चालू असताना मावसाजी अगदी कचेरीतलं पुस्तकी मराठी बोलत. "प्लगने आपली जबाबदारी पार पाडलेली दिसत नाही," असं ते एकदा त्या प्लगकडे बघून म्हणाले, तेव्हा मला त्या प्लगची दया आली होती.

बडे बाबूंच्या टोपीखाली दोन छोटे पॉइंट असतात. ते एकमेकांना चिकटतात आणि सुटतात, तेव्हा ठिणगी पडते. त्यांच्यामधली फट फार बारीक आणि अगदी नेमकी लागते. ती मोजायला बाजारात लोखंडी पात्या मिळतात. मावसाजींना त्या पटत नसत. ते लग्नपत्रिका वापरत. घरात लग्नपत्रिका आली की मावशी तारीख बघायची आणि मावसाजी जाडी. पत्रिका दोन बोटांत धरून, डोळे मिटून, ते कागद चुरचुरवून बघत. "दुर्गच्या काळ्यांच्या धाकटीची पत्रिका म्हणजे पत्रिका!" असं ते म्हणत, त्या मुलीला आता शाळेत जाणारी मुलं होती, पण तिच्या पत्रिकेचा एक तुकडा हत्यारांच्या डब्यात अजून कामावर होता. राजधानी झाल्यावर मात्र पंचाईत झाली. लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, पत्रिका जाड झाल्या, चकचकीत झाल्या, त्यांच्यावर सोनेरी गणपती उठून आले. एकदा मावसाजींनी चुकून तसल्या पत्रिकेनं फट लावली आणि गाडी आठवडाभर नुसती शिंकत राहिली. तेव्हापासून कोणाचं लग्न ठरलं की ते मुलाच्या नोकरीबिकरीची चौकशी करत नसत. "कागद साधा ठेवणार आहेत ना?" एवढंच विचारत.

समोरचा दूधवाला भैया या चौकश्यांचा कायमचा प्रेक्षक होता. तो एकदा प्रेक्षकातून एकदम साक्षीदार झाला. मावसाजींचे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून ते त्याला म्हणाले, "भैया, ये वायर जरा पकडना." त्यानं पकडली. मला आत हे काहीच माहीत नव्हतं. 'चावी' म्हटल्याबरोबर मी चावी फिरवली. भैया "अरे दाई ओ!" म्हणून जो उडाला तो थेट आपल्या सायकलीवर, आणि गल्लीत दूधच दूध झालं. मी रडायच्या बेतात. मावसाजी मात्र त्याच्याकडे फार समाधानानं बघत होते. "कॉइल निर्दोष आहे," ते म्हणाले. दुधाचे पैसे मावशीनं दिले आणि भैयाला चहाही दिला. तो बिचारा चहा पिताना वर म्हणतो कसा, "कक्का, धक्का मार दें का? चालू हो जाही."

धक्का! हा शब्द मावसाजींच्या समोर काढायचा नाही, हे गल्लीतल्या लहान मुलांनाही माहीत होतं. ढकलून गाडी चालू करणं म्हणजे त्यांच्या मते सरळसरळ लाच. "आज धक्का दिला तर काम होईल. पण दोषी मोकळा सुटला! उद्या तो पुन्हा अडवणार, आणि परवा धक्क्याशिवाय हलणारच नाही." या तत्त्वापायी मावशीनं काय काय सोसलं, ते तिच्याच तोंडून ऐकावं. दुर्गच्या एका लग्नाला हे लोक निघाले ते बॅटरीपासून. पोचले तेव्हा मांडवात आचारी कढया घासत होता. मावशी नव्या शालूत त्या कढयांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची चौकशी होईस्तोर नवरीले पोट्टं होते, तुमाले काई हाये का त्याचं?" मावसाजी शांतपणे म्हणाले, "पण कारण सापडलं की नाही?" मावशी त्या गाडीला उघडउघड सवत म्हणायची. जेवायला वाढताना विचारायची, "तिचं झालं का जेवण?"

त्यांची थट्टा करणं सोपं आहे, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते स्वतःलाही सोडत नसत. एकदा कॉइल जळाली. सगळ्यांना वाटलं जुनी झाली असेल. मावसाजींनी चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की आदल्या संध्याकाळी चावी चालूवरच राहिली होती, आणि ती ठेवणारा इसम ते स्वतः होते. कोणी विचारलंही नव्हतं. तरी त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर हे जाहीर केलं, आणि शिक्षा म्हणून चहातली साखर बंद केली. मावशीनं न सांगता साखर घातली तर एक घोट घेऊन कप परत ठेवला. खोटा निष्कर्ष, मग तो चमचाभर साखरेएवढा का असेना, त्यांना गिळवत नसे.

त्यांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणते, तो वेगळ्याच घडणीचा. राजधानीतल्या एका नव्या कचेरीत त्याला चांगली नोकरी लागली होती. तेलीबांध्याच्या बाजूला तळ्याजवळ त्यानं घर घेतलं, नवी गाडी घेतली, आणि दिवाळीनंतर आईबाबांनाही तिकडेच न्यायचं ठरलं. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर तो हिंदीतच द्यायचा. तिकडे गाडी ठेवायला एकच जागा होती. इकडे तात्यापाऱ्यात रस्ता रुंद होणार म्हणून गल्लीत काही उभं करू देत नव्हते. दादा वाईट नव्हता. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो राजाचा मुकुट घालून या गाडीत बसून होता आणि संमेलन तिकडे संपलं होतं, हे तो कधी विसरला नव्हता, एवढंच. तो म्हणाला, "बाबा, उरला के कारखानों में बात हो गई है. भंगार वाला ले लेगा, सीधे भट्टी में." मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं. म्हणाला, "ठीक है. दशहरे के दिन, पूजा के बाद, एक चाबी में चालू हो गई, तो मैं बाहर कहीं किराए की जगह ले लूँगा उसके लिए. लेकिन एक चाबी. दूसरी नहीं. और कोई जाँच नहीं."

मावसाजींनी विचार केला आणि म्हणाले, "अट न्याय्य आहे."

त्यानंतर त्यांनी जे काम केलं तसं मी माझ्या परीक्षेसाठीही केलं नाही. बॅटरी नवी. वायरी नव्या. प्लग घासून आरशासारखे. कंडेन्सर नावाची बोटाएवढी डबी असते, तीही नवी आणली. पॉइंटची फट काळ्यांच्या पत्रिकेनं लावली, आणि मग पत्रिकेवरही विश्वास न ठेवता मला प्रयोगशाळेतून फटी मोजायच्या पात्या मागून आणायला लावल्या. दोन्हींचं एकमत झालं तेव्हा ते मला म्हणाले, "बघ सायन्स, तुझंही चूक नाही." रोज सकाळी एक चावी, आणि रोज सकाळी गाडी चालू. दूधवाला भैया टाळ्या वाजवायचा. गल्लीतली माणसं कामावर जाताना थांबून ऐकायची. मला सगळ्यात नवल वाटलं ते मावशीचं. तिचा जेवणातला रस गेला. एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, "चालू होईन ना वं पोरी ती?" मी म्हटलं, मावशी, तुला तर ती सवत वाटते ना? तिनं देठ मोडला. "सवत तं हायेच. पण हा माणूस रोज सकाळी कोनासाठी उठते? ती गेली तं तिकडच्या घरी हा खिडकीत बसून काय करन? मले पाहवनार नाई."

दसऱ्याला सकाळीच दादा आणि वहिनी आले, वहिनीचे आईवडीलही आले. झेंडूचे हार, आपट्याची पानं, चाकांखाली ठेवायला लिंबं, सगळं तयार होतं. दरवर्षी मावशी चाकाला पाणी लावायची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची आणि "झालं" म्हणून आत जायची. या वर्षी मावसाजी आत नवा सदरा घालत होते आणि मी पाहुण्यांना फराळाच्या बशा नेऊन देत होते. तेवढ्यात तिनं बाहेर एकटीनं पूजा आटपली. आम्ही आलो तेव्हा ती हात जोडून उभी होती, ओठ हलत होते, डोळे घट्ट मिटलेले. मावसाजी टोपी सारखी करून आत बसले. दादानं हाताची घडी घातली. भैया दुधाचा कॅन उतरवून उभा राहिला.

चावी फिरली. इंजिन जोरात घुरघुरलं, चांगलं तगडं घुरघुरलं, आणि पेटलं मात्र नाही. मावसाजींनी चावी सोडली. अट एकाच चावीची होती.

मावसाजी उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. मी सवयीनं त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि मला दिसलं. आतलं सगळं पिवळं होतं. वायरींवर हळदीचे ओघळ, प्लगांवर कुंकू, एका नळीत खोचलेलं झेंडूचं फूल. ज्यानं चालायचं ते आत आहे, मग पूजा वरवर कशी करायची, असा विचार मावशीनं केला असणार. राजिमच्या संगमाचं पाणी तिनं देवघरात बाटलीत जपून ठेवलं होतं. ते सगळं तिनं गाडीला वाहिलं होतं. मावसाजींनी आयुष्यात पहिल्यांदा बॅटरी ओलांडली आणि सरळ बडे बाबूंची टोपी उचलली. तिच्या आत पिवळं पाणी साचलं होतं. पॉइंट त्यात भिजले होते.

"काय झालं हो?" मावशीनं मागून विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

त्या क्षणी त्यांनी नुसतं बाजूला सरून दाखवलं असतं तरी पुरे होतं. दादा काही दगड नव्हता. हे बघून तो हसला असता, अट मागे घेतली असती. गाडी निर्दोष होती आणि पुरावा हातात होता. पण व्याही उभे होते, सून उभी होती, आणि मावशीच्या बोटांना अजून हळद होती. मावसाजींनी खिशातून नवा पांढरा रुमाल काढला, टोपी आतून पुसली, पॉइंट पुसले, वायरी पुसल्या, फूल हळूच रुमालात घेतलं आणि तो पिवळा झालेला रुमाल खिशात खोल घातला. बॉनेट सगळ्यांच्या आड येत होतं. माझ्या आड येत नव्हतं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडीशी मान हलवली.

"कंडेन्सर गेला," ते मोठ्यानं म्हणाले, आणि चौकशीच्या भाषेत नाही, घरातल्या भाषेत म्हणाले. "म्हातारी झाली आता गाडी. तिचा काई दोष नाई."

नव्या कंडेन्सरची पावती घरात खिळ्याला लटकत होती.

ते परत आत बसले आणि चावी फिरवली. गाडी तत्काळ चालू झाली. जराशी पुढे सरकली तशी लिंबं फुटली, भैयानं टाळ्या वाजवल्या, मावशीनं पदर डोळ्यांना लावला. दादा पुढे आला, खिडकीत वाकला. "बाबा, हो तो गई चालू. रहने दो, रख लेते हैं." मावसाजी म्हणाले, "नाही. अट एका चावीची होती." दादानं दोनदा म्हटलं, मावशीनंही म्हटलं. ते ऐकेनात. त्या वेळी मला त्यांचा राग आला. आता वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा खोटा निष्कर्ष दिल्यावर त्याचा फायदा घेणं त्यांच्यानं झालं नसतं. मला नक्की सांगता येणार नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि तेही कधी बोलले नाहीत.

दिवाळी झाल्यावर ते गाडी स्वतः चालवत उरल्याला घेऊन गेले. ट्रकवर घालून न्यायला त्यांनी नकार दिला. पुढे मावशी बसली, मागे मी. वाटेत गाडी एकदाही अडली नाही. भंगारवाला बाहेर आला, इंजिनाचा आवाज ऐकून चक्रावला. "बाबूजी, ये तो बढ़िया चल रही है. काहे दे रहे हो?" मावसाजींनी त्याच्या हातात चावी ठेवली आणि रस्त्याकडे चालू लागले. मावशीनं जाताना दारावरून एकदा हात फिरवला.

परतताना आम्हाला टेम्पो मिळाला. कारखान्यांतून पाळी संपवून सुटलेली माणसं दाटीनं बसली होती. मावशीनं मावसाजींकडे न बघताच विचारलं, "माह्या पूजेत काई कमी रायली का हो?"

"नाई," मावसाजी म्हणाले. "काईच कमी नोती."

समोरून ट्रकांची रांग येत होती, लोखंडाची काळी धूळ उडवत. मावसाजी उठले, मावशीला आतल्या बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वतः काठावर बसले.